डेल्फ्टचा कापडवाला आणि न संपणारे शुक्राणू

हा लेख वाचायला तुम्हाला साधारण दहा-बारा मिनिटं लागतील. तेवढ्या वेळात एका निरोगी प्रौढ पुरुषाच्या शरीरात ढोबळमानाने सात-आठ लाख नवे शुक्राणू तयार झालेले असतील. दिवसाचा हिशोब दहा कोटींच्या आसपास जातो. वयात आल्यावर हा कारखाना सुरू होतो आणि पुढे वेग कमी झाला, तरी बहुतेकांमध्ये म्हातारपणापर्यंत चालू राहतो.

आता साधा प्रश्न. रोज दहा कोटी माल बाहेर पडतोय, तर कच्चा माल संपत कसा नाही?

हा प्रश्न पडायला आधी कुणीतरी शुक्राणू बघावे लागतात, आणि मग ते मोजावे लागतात. दोन्ही कामं साडेतीनशे वर्षांपूर्वी एका माणसाने केली. तो डॉक्टर नव्हता, प्राध्यापक नव्हता, कॉलेजचं तोंडही त्याने बघितलं नव्हतं. अँटनी व्हान लेवेनहूक हे नाव तुम्ही शाळेत 'सूक्ष्मजीवांचा शोध' या एका ओळीत वाचलं असेल. त्या ओळीत शुक्राणू नसतात. का नसतात ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तो धडा आला की वर्गात काय होतं ते आठवा.

कापड, कुलपं आणि पिंपं

लेवेनहूकचा जन्म २४ ऑक्टोबर १६३२ चा, हॉलंडमधल्या डेल्फ्ट शहरातला. वडील टोपल्या विणायचे, आई बिअर बनवणाऱ्या घराण्यातली. तो पाच-सहा वर्षांचा असतानाच वडील गेले. सोळाव्या वर्षी त्याला ॲमस्टरडॅमला एका कापडाच्या दुकानात कामाला ठेवलं. तिथे तो धंदा शिकला, हिशोब ठेवायला शिकला. १६५४ मध्ये डेल्फ्टला परतला, बार्बरा नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि स्वतःचं कापडाचं दुकान टाकलं. त्यांना पाच मुलं झाली, पण मोठी झाली ती एकटी मारिया. १६६६ मध्ये बार्बराही गेली. पाच वर्षांनी त्याने कोर्नेलियाशी दुसरं लग्न केलं.

१६६० मध्ये त्याला नगरपालिकेत नोकरी लागली. काम काय, तर अधिकाऱ्यांच्या सभेच्या दालनाची देखभाल करायची. दारं उघडायची, बंद करायची, शेकोटी पेटवायची, साफसफाई बघायची. नंतर तो जमीन मोजणीची परीक्षा पास झाला. पुढे दारूच्या पिंपांची मापं तपासायचं कामही त्याच्याकडे आलं. प्रसिद्ध चित्रकार व्हर्मीर याच शहरातला आणि त्याच महिन्यात जन्मलेला. तो कर्ज मागे ठेवून गेला, तेव्हा त्याच्या मालमत्तेची व्यवस्था बघायला नगरपालिकेने लेवेनहूकलाच नेमलं.

या सगळ्या कामांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. मोजणं. कापड, जमीन, पिंपं, मेलेल्या माणसाची मालमत्ता, सगळं मोजायचं आणि वहीत लिहायचं. पुढे त्याने जे केलं ते याच सवयीतून आलं असं माझं मत आहे. त्याला लॅटिन येत नव्हतं, आणि त्या काळात लॅटिन न येणं म्हणजे विज्ञानाच्या जगात प्रवेशच नसणं. तो आयुष्यभर फक्त डच भाषेत लिहीत राहिला.

भिंग: एक मणी आणि दोन पत्रे

कापडाच्या धंद्यात धाग्यांची वीण तपासायला भिंग वापरतात. लेवेनहूकला भिंगांचा नाद तिथूनच लागला असावा असं मानलं जातं. पण त्याने पुढे जी भिंगं बनवली ती वेगळ्याच पातळीवरची होती.

त्याचा सूक्ष्मदर्शक आपल्या शाळेच्या लॅबमधल्यासारखा नव्हता. तळहातात मावतील असे धातूचे दोन छोटे पत्रे, त्यांच्या मध्ये दाबून बसवलेलं एक-दोन मिलिमीटरचं भिंग, मागच्या बाजूला नमुना अडकवायला एक टाचणी आणि ती पुढे-मागे, वर-खाली हलवायला स्क्रू. बस. नमुना पातळ असेल तर तो काचेच्या बारीक नळीत भरायचा. मग ते यंत्र डोळ्याला जवळजवळ चिकटवून उजेडाकडे तोंड करून बघत बसायचं. तासनतास.

त्या काळात दोन-तीन भिंगांचे मोठे सूक्ष्मदर्शक होते, पण त्यात चित्र धूसर आणि कडांना रंगीत दिसायचं. प्रत्येक जास्तीचं भिंग स्वतःच्या चुका मिसळतं. लेवेनहूकने एकच भिंग ठेवलं, पण ते कमालीचं लहान आणि स्वच्छ. भिंग जितकं लहान आणि गोल, तितकं ते जास्त मोठं करून दाखवतं. युट्रेख्टच्या संग्रहालयात त्याचं एक यंत्र आहे, ते वस्तू सुमारे २६६ पट मोठी करतं. फोनच्या कॅमेऱ्यावर पाण्याचा छोटा थेंब ठेवून फोटो काढायची ट्रिक तुम्ही केली असेल, तर तत्त्व तेच आहे. (केली नसेल तर थेंब खरंच छोटा ठेवा, आणि फोन वॉटरप्रूफ आहे का ते आधी बघा.)

भिंग कसं बनवतो हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. लोक विचारायचे, तो टाळायचा. जे दाखवायची यंत्रं ती वेगळी, सगळ्यात चांगली घरात ठेवलेली वेगळी. आमच्या भाषेत सांगायचं तर निकाल ओपन, पण सोर्स कोड बंद. अखेर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी त्याच्या यंत्रांवर न्यूट्रॉनचा झोत टाकून, पत्रे न उघडता, आतली भिंगं पाहिली. युट्रेख्टच्या त्या ताकदवान यंत्रातलं भिंग म्हणजे काचेची तार वितळवून तिच्या टोकाशी बनवलेला मणी निघाला. तारेचा तुटका देठ अजून त्याला चिकटलेला आहे. ही कृती त्याच्या बऱ्याच आधी, १६६५ मध्ये, इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने आपल्या गाजलेल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत छापून टाकली होती!

बाटली

१६७३ मध्ये डेल्फ्टचाच तरुण डॉक्टर रेग्निए द ग्राफ याने लंडनच्या रॉयल सोसायटीला लेवेनहूकची ओळख करून दिली. तिथून पत्रव्यवहार सुरू झाला तो पन्नास वर्षं चालला. पत्रं डचमध्ये जायची, तिकडे त्यांचं भाषांतर व्हायचं. १६७६ च्या पत्रात त्याने पाण्यातले सूक्ष्मजीव कळवले. लंडनमध्ये कुणाचा विश्वास बसेना. शेवटी १६७७ च्या नोव्हेंबरमध्ये हूकने स्वतः प्रयोग करून सदस्यांना ते जीव दाखवले, तेव्हा कुठे मान्यता मिळाली.

याच वर्षी, काही महिने आधी, लायडनचा योहान हाम नावाचा वैद्यकीय विद्यार्थी लेवेनहूककडे एक काचेची बाटली घेऊन आला. बाटलीत परम्याच्या, म्हणजे गनोरियाच्या, एका रुग्णाचा स्राव होता. त्यात शेपटीवाले हलणारे जीव दिसतात असं हामचं म्हणणं होतं. रोगामुळे स्राव सडून हे किडे तयार झाले असावेत, असा त्याचा अंदाज. लेवेनहूकने पाहिलं. खरंच जीव होते.

इथे हा कापडवाला मला खरा संशोधक वाटतो. रोग्याच्या स्रावात काहीतरी सापडलं, तर ते रोगाचं आहे की नेहमीचंच, हे कसं ठरवणार? निरोगी माणसाचा नमुना बघायला हवा. त्याने स्वतःचं वीर्य पाहिलं. पत्रात त्याने मुद्दाम स्पष्ट केलं की हा नमुना बायकोसोबतच्या संबंधानंतर उरलेला आहे, त्यासाठी काही पाप केलेलं नाही. आणि नमुना किती ताजा, तर नाडीचे सहा ठोके पडायच्या आत भिंगाखाली. बिचाऱ्या कोर्नेलियाला काय वाटलं असेल याची नोंद कुठेच नाही.

त्यातही तेच जीव होते, असंख्य. गोल डोकं, त्याच्या पाच-सहा पट लांब पातळ शेपूट, आणि पाण्यात साप किंवा वाम मासा पोहतो तशी हालचाल. वाळूच्या एका जाड दाण्याएवढं व्हायला असे दहा लाख तरी लागतील असा त्याचा अंदाज होता.

हे पत्र पाठवायची त्याला भीती वाटत होती, आणि ती भीती खरी होती. काही वर्षांपूर्वी सोसायटीचे सचिव ओल्डेनबर्ग यांनीच त्याला वीर्य तपासायला सुचवलं होतं. त्याने थोडं पाहून तो विषय अशोभनीय म्हणून सोडून दिला होता. आता तो पन्नाशीकडे झुकलेला, शहरात मान असलेला, सरकारी नोकरीतला माणूस. पदवी नाही. पाण्यातल्या जीवांवरूनच लोक त्याला स्वप्नाळू म्हणत होते. त्यात आता हे. त्याने नोव्हेंबर १६७७ मध्ये सोसायटीचे अध्यक्ष लॉर्ड ब्राउंकर यांना पत्र लिहिलं आणि कळवलं की हे विद्वानांना किळसवाणं वाटणार असेल तर हे पत्र खाजगी समजावं, छापावं की फाडून टाकावं ते त्यांनीच ठरवावं.

सोसायटीने फाडलं नाही. नवे सचिव नेहेमाया ग्रू यांना शंका होती, पण त्यांनी उत्तर दिलं ते कामाचं दिलं. कुत्रा, घोडा, इतर प्राणी यांचंही बघा म्हणाले. लेवेनहूकने कुत्रा पाहिला, ससा पाहिला, पुढे मासे, बेडूक, पक्षी, कीटक काहीच सोडलं नाही. सगळीकडे शेपटीवाले जीव. पत्र पुढे लॅटिनमध्ये छापून आलं.

१५,००० कोटी

आता मोजणी. १६७९ मध्ये त्याने कॉड नावाच्या समुद्री माशाचा नर घेतला. त्याच्या वीर्याच्या अगदी छोट्या भागात किती जीव दिसतात याचा अंदाज घेतला, मग पूर्ण ग्रंथीच्या आकाराने गुणलं. उत्तर आलं १५,००० कोटी. एका माशात.

हा आकडा लोकांच्या डोक्यात शिरणार नाही हे त्याला कळत होतं, म्हणून त्याने तुलना शोधली. पृथ्वीवर जास्तीत जास्त माणसं किती मावतील? हॉलंड प्रांताची लोकसंख्या दहा लाख धरली. पृथ्वीचा दोन तृतीयांश भाग पाणी, उरलेल्या जमिनीपैकी दोन तृतीयांश राहण्याजोगी. अशी जमीन हॉलंडच्या १३,३८५ पट भरते. सगळीकडे हॉलंडइतकीच दाटी धरली तर माणसं होतात सुमारे १,३३८ कोटी. म्हणजे एका कॉड माशात पृथ्वीवरच्या माणसांच्या दहापटीहून जास्त जीव! आयटीच्या इंटरव्ह्यूमध्ये विचारतात ना, पुण्यात एकूण टायर किती असतील, अंदाज सांगा? हा तसाच हिशोब, पण तीनशे वर्षं आधीचा. तेव्हा जगाची खरी लोकसंख्या याच्या कितीतरी पट कमी होती, पण त्याने काढलेली ती कमाल मर्यादा होती.

या आकड्याने प्रश्न तयार झाला. इतके जीव येतात कुठून? अनेकांचं म्हणणं होतं की ते वीर्यातले परजीवी आहेत, पोटात जंत होतात तसे. लेवेनहूक ठाम होता की हे जीव म्हणजेच वीर्याचा मुख्य भाग आणि ते बनतात वृषणांत. त्याने प्राण्यांची वृषणं कापून तपासली. त्यातून निघणाऱ्या नळीतही तेच जीव सापडले. वृषणाचं काम हे जीव बनवणं आणि बाहेर पडेपर्यंत सांभाळणं, असं त्याने मांडलं. जागा त्याने बरोबर ओळखली. पण तिथे ते कसे बनतात, हे त्याला कधीच दिसलं नाही.

जे हलत नव्हतं

का दिसलं नाही, ते समजून घ्यायला आजचं चित्र बघू. शुक्राणूच्या डोक्याची लांबी पाच मायक्रॉनच्या आसपास. ज्या पेशींपासून शुक्राणू बनतात त्या याहून मोठ्या असतात. म्हणजे निव्वळ आकार बघितला तर लेवेनहूकच्या भिंगाला त्या दिसायला हरकत नव्हती. पण त्या पारदर्शक असतात, आजूबाजूच्या पेशीही पारदर्शक, आणि त्या हलत नाहीत. शुक्राणू दिसला तो वळवळत होता म्हणून. स्थिर पेशी वेगळी ओळखायला रंग लागतो, वृषणाचे अगदी पातळ काप लागतात आणि मुळात 'पेशी' ही कल्पना लागते. यातलं काहीच तेव्हा तयार नव्हतं.

वृषण म्हणजे बारीक नळ्यांचं गुंडाळलेलं वेटोळं. माणसाच्या एका वृषणातल्या या नळ्या सरळ केल्या तर लांबी काहीशे मीटर भरेल. प्रत्येक नळीच्या भिंतीला आतून चिकटून मूलपेशी बसलेल्या असतात. स्टेम सेल म्हणतात त्या याच प्रकारच्या. त्या फार थोड्या असतात. उंदरात मोजणी झाली आहे: शुक्राणू बनवणाऱ्या साखळीतल्या दहा हजार पेशींमागे मूलपेशी जेमतेम दोन-तीन. बाकी सगळा पसारा त्यांच्यातून निघतो.

मूलपेशी दोन कामं करते. दुभागून स्वतःसारखी पेशी बनवते, आणि शुक्राणू होण्याच्या वाटेला लागणारी पेशीही बनवते. उंदरात हे कसं घडतं ते जोड्यांवरून ओळखता येतं. एकटी मूलपेशी दुभागली आणि दोन्ही पिल्लं पूर्ण सुटी झाली, तर दोन मूलपेशी झाल्या. पण दोघींमध्ये एक बारीक पूल तसाच राहिला, तर ती जोडी साधारणपणे पुढच्या वाटेला लागते. मग दोनाच्या चार, चाराच्या आठ, आठाच्या सोळा, सगळ्या पुलांनी जोडलेल्या, माळेसारख्या. पुढे त्या नळीच्या मधल्या पोकळीकडे सरकतात, गुणसूत्रं निम्मी होतात, शेपूट फुटतं. माणसात या प्रवासाला दोन महिन्यांहून जास्त लागतात, उंदरात ३५ दिवस.

सगळी मजा समतोलात आहे. सगळ्याच पिल्लांनी वाट धरली तर काही काळ शुक्राणूंचा पूर येईल आणि मग कायमचं बंद. सगळीच मूलपेशी म्हणून थांबली तर नळी त्यांनीच भरेल आणि शुक्राणू एकही नाही. हा समतोल ठेवायला शेजारच्या पेशी मदत करतात. त्यांना सर्टोली पेशी म्हणतात, कारण एन्रिको सर्टोली या इटालियन माणसाने १८६५ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी, त्यांचं वर्णन केलं. या पेशी 'जीडीएनएफ' नावाचं प्रथिन सोडतात, त्याचा मूलपेशींना मिळणारा संदेश ढोबळमानाने 'थांब, वाढ' असा आहे. २००० साली उंदरांवर हे तपासलं गेलं. ज्या उंदरांत हे प्रथिन कमी केलं, त्यांच्या मूलपेशी हळूहळू संपत गेल्या. ज्यांच्यात जास्त केलं, त्यांच्या नळ्यांत न वाढलेल्या पेशींचा ढीग साचला. उलट दिशेचा, 'चल, निघ' हा संदेश व्हिटॅमिन ए पासून बनणाऱ्या रेटिनोइक आम्लाचा. ज्या उंदरांना व्हिटॅमिन ए मिळत नाही त्यांच्या पेशी सुरुवातीलाच अडकून पडतात.

मूलपेशी आयुष्यभर दुभागत राहतात याची किंमतही आहे. प्रत्येक वेळी सगळा डीएनए कॉपी करावा लागतो, आणि कॉपीत चुका होतात. बापाचं वय एका वर्षाने जास्त असेल तर बाळात सरासरी दीड-दोन नवे बदल जास्त सापडतात. बहुतेक निरुपद्रवी असतात. पण मुलाच्या बाजूला लग्नात वय बघायचं नसतं, असं समजणाऱ्या नातेवाईकांना हे सांगायला हरकत नाही.

या पेशी खरंच नव्याने सगळं उभं करू शकतात का? १९९४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात राल्फ ब्रिन्स्टर यांनी एका उंदराच्या वृषणातल्या पेशी काढून, ज्याच्यात स्वतःचे शुक्राणू बनत नव्हते अशा दुसऱ्या उंदराच्या नळ्यांत सोडल्या. त्या भिंतीपाशी जाऊन बसल्या आणि शुक्राणू बनवू लागल्या. त्यापासून पिल्लंही झाली.

याचा माणसांशी थेट संबंध आहे. कॅन्सरची काही औषधं आणि रेडिएशन वेगाने दुभागणाऱ्या पेशी मारतात, जास्त मात्रेत मूलपेशीही मारतात. प्रौढ माणूस उपचाराआधी वीर्य गोठवून ठेवू शकतो. तुमच्या घरात किंवा ओळखीत असा कुणी असेल तर उपचार सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांना हे विचारा, लाजू नका. पण आठ वर्षांचा मुलगा काय गोठवणार? त्याच्यात शुक्राणू बनायलाच लागलेले नसतात. मूलपेशी मात्र असतात. म्हणून काही मोठ्या केंद्रांत अशा मुलांच्या वृषणाचा छोटा तुकडा गोठवून ठेवतात. २०१९ मध्ये वयात न आलेल्या माकडाचा असा गोठवलेला तुकडा नंतर त्याच्याच त्वचेखाली लावून, त्यातून मिळालेल्या शुक्राणूंपासून माकडाचं एक पिल्लू जन्मलं. माणसात हे अजून प्रयोगाच्याच पातळीवर आहे.

हट्ट आणि मावा

परत डेल्फ्टला. लेवेनहूकने जे पाहिलं ते बरोबर होतं, पण त्यावरून त्याने जी थिअरी उभी केली ती फसली. त्याच्या मते बाळ बनतं ते शुक्राणूपासूनच. आईचं काम फक्त त्याला जागा आणि अन्न देणं. बी आणि शेत. हा विचार आपल्याकडेही चांगलाच ओळखीचा आहे. यात विरोधात उभा होता तो द ग्राफ, ज्याने लेवेनहूकची ओळख लंडनला करून दिली होती. स्त्रीच्या अंडाशयातल्या फुगवट्यांतून बीज येतं असं त्याने १६७२ मध्ये मांडलं होतं. पण तो १६७३ मध्ये, अवघ्या ३२ व्या वर्षी वारला. त्याला उत्तर द्यायची संधीच मिळाली नाही. लेवेनहूक मात्र पुढची पन्नास वर्षं जिवंत होता आणि आपलंच म्हणणं रेटत राहिला.

शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला छोटा माणूस, हे चित्र तुम्ही पाहिलं असेल. ते अनेकदा लेवेनहूकच्या नावावर खपवलं जातं. ते हार्टसूकर नावाच्या दुसऱ्या डच माणसाने १६९४ मध्ये, असं असू शकेल म्हणून काढलं होतं. लेवेनहूकने असा माणूस पाहिल्याचा दावा केला नाही. उलट, कुणी तसा दावा केला तेव्हा त्याने तो खोडून काढला.

आणि मग मावा. झाडांच्या कोवळ्या पानांवर येणारी ती बारीक कीड. १६९५ मध्ये त्याने मावा कापून पाहिला, तर पोटात तयार पिल्लं. नर शोधला, सापडेना. अंडी शोधली, तीही नाहीत. नराशिवाय पिल्लं म्हणजे शुक्राणूशिवाय पिल्लं, म्हणजे त्याच्या अख्ख्या थिअरीला सुरुंग. त्याने हे लपवलं नाही, आणि थिअरीही सोडली नाही. जे दिसलं ते पत्रात लिहून लंडनला धाडलं. नराशिवाय मावा पिल्लं देतो हे पुढे १७४० च्या सुमारास शार्ल बोने याने एकेक मादी वेगळी वाढवून पक्कं केलं. सस्तन प्राण्यांचं खरं स्त्रीबीज फोन बेअरला दिसलं १८२७ मध्ये. गंमत म्हणजे तोच बेअर शुक्राणूंना परजीवी समजत होता. ते वृषणातल्या पेशींपासून बनतात हे क्योलिकरने १८४१ मध्ये दाखवलं. शुक्राणू बीजात शिरल्यावर दोघांची केंद्रकं एक होतात हे १८७६ मध्ये हर्टविगने समुद्री अर्चिनमध्ये पाहिलं. म्हणजे द ग्राफ आणि लेवेनहूक दोघेही अर्धे-अर्धे बरोबर होते हे कळायला दोनशे वर्षं गेली.

म्हातारपण

१६८० मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतलं. सभेला तो एकदाही गेला नाही. डेल्फ्टला मात्र बघ्यांची रीघ लागायची, त्याला वैताग यायचा. १६९८ मध्ये रशियाचा झार पीटर कालव्यातून बोटीने आला आणि लेवेनहूकलाच बोटीवर बोलावून घेतलं. त्याने झारला वाम माशाच्या शेपटीत रक्त फिरताना दाखवलं. शुक्राणू दाखवले की नाही, ते काही मला वाचायला मिळालं नाही.

कोर्नेलिया १६९४ मध्ये गेली. घरात तो आणि मारिया. मारियाने लग्न केलं नाही, शेवटपर्यंत त्याच्याजवळ राहिली. नव्वदीत त्याला पोटाच्या वरच्या भागात जोराचे झटके येऊ लागले. डॉक्टर म्हणाले हृदय. त्याला पटलं नाही, त्याच्या मते हे श्वासपटलाचं दुखणं होतं. मग त्याने मेंढीचं श्वासपटल मागवून भिंगाखाली पाहिलं आणि त्यावरही लंडनला पत्र लिहिलं. या दुखण्याला आज त्याच्याच नावाने ओळखतात, आणि ते श्वासपटलाचंच आहे. अंथरुणावर असतानाही त्याने मित्राला दोन पत्रं लॅटिनमध्ये करून लंडनला पाठवायला सांगितली. २६ ऑगस्ट १७२३ ला तो गेला. वय ९०.

आयुष्यभरात त्याने पाचशेहून जास्त भिंगं बनवली. त्याच्या इच्छेप्रमाणे मारियाने २६ चांदीचे सूक्ष्मदर्शक एका पेटीत घालून रॉयल सोसायटीला पाठवले. ती पेटी एकोणिसाव्या शतकात हरवली. उरलेली साडेतीनशेहून जास्त यंत्रं मारियाच्या मृत्यूनंतर १७४७ मध्ये लिलावात निघाली. आज जगात त्यातली जेमतेम डझनभर सापडतात.

पत्रं मात्र लंडनला जपून ठेवली होती. १९८१ मध्ये ब्रायन फोर्ड या संशोधकाने ती चाळली, तेव्हा काही पत्रांना चिकटवलेल्या छोट्या कागदी पुड्या सापडल्या. आत लेवेनहूकने स्वतः वस्तऱ्याने कापलेले नमुने होते: बुचाचे पातळ काप, गायीच्या डोळ्याच्या नसेचा काप. तीनशे वर्षं पत्रांसोबत तशाच पडून होत्या. फोर्डने त्यातले नमुने युट्रेख्टला नेले आणि लेवेनहूकच्याच भिंगातून पाहिले. व्यवस्थित दिसले.